तेरा नाकारलेले ससे

माझी नोकरी नेमकी कसली, हे आईला शेजारणींना कधीच नीट सांगता आलं नाही. "ती सशांचा हिशेब ठेवते," असं ती सांगायची.

"म्हणजे पाळते का?"

"नाही. मोजते."

"रोज?"

"रोज."

त्यानंतर बरेच महिने जबलपूरच्या नेपियर टाउनातून माझ्यासाठी एकही स्थळ सुचवलं गेलं नाही. आईची चूक दुरुस्त करायची मला घाई नव्हती.

या अंकाच्या संपादकांनी 'शास्त्रज्ञ तरुणीचे अनुभव' असा विषय दिला आहे. मी तरुणी आहे, शास्त्रज्ञ नाही. शास्त्रज्ञ प्रयोग करतात. प्रयोग झाला की आकडे घेऊन ते माझ्याकडे यायचे, आणि त्या आकड्यांत काही अर्थ आहे का, हे मी सांगायची. फौजेचा माल बनवणाऱ्या फॅक्टरीचा भोंगा ऐकू येईल इतक्या अंतरावर एक लहानशी प्रयोगशाळा होती, तिथे. तिचं नाव सांगत नाही. माणसांची नावंही बदलली आहेत. सशांचे क्रमांक तेवढे खरे आहेत. त्यांची हरकत नसावी.

काम अवघड नाही. सिहोऱ्याहून येणाऱ्या दोन बस घ्या, एक हिरवी आणि एक पिवळी. आठवडाभर पाहिल्यावर असं दिसलं, की हिरवी बस पिवळीपेक्षा सरासरी पाच मिनिटं आधी पोचते. मग हिरवी जास्त वेगाने येते का? पण या बस रोज अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतात. वाटेत कोणाची भाजीची टोपली चढवायची असते, कुठे फाटक बंद असतं. अशा बसमधला पाच मिनिटांचा फरक म्हणजे काहीच नाही, पुढच्या आठवड्यात पिवळी आधी येईल. दोन्ही बस घड्याळ लावून घ्यावं इतक्या वेळेवर येत असतील, तर मात्र पाच मिनिटं खरी. माझं शास्त्र एवढंच. दोन सरासऱ्यांमधला फरक घ्यायचा, मुळातला चढउतार किती आणि आपण किती दिवस पाहिलं ते लक्षात घ्यायचं, आणि भागाकार करायचा. येणाऱ्या आकड्याला 'टी' म्हणतात. तो साधारण दोनच्या वर गेला तर फरक खरा धरायला हरकत नाही. खाली राहिला तर तो निव्वळ योगायोगही असू शकतो. भागाकारासाठी दांडा फिरवून चालणारं एक लोखंडी यंत्र होतं. ते मध्येच टिंग करून घंटी वाजवायचं आणि तेवढीच माझ्या खोलीतली गडबड.

हे सरासरी, चढउतार वगैरे शब्द मी नोकरीत शिकले. शाळा इंग्रजी, घराबाहेर सगळी हिंदी. 'औसत' हा मराठी शब्द आहे अशी माझी दोन वर्षं समजूत होती.

माझ्याकडे येणारे डॉक्टर सहसा निकाल ठरवूनच यायचे. मुहूर्त काढून, मांडव घालून झाल्यावर लोक जोशीबुवांकडे पत्रिका घेऊन जातात, तसे. छत्तीस गुण जुळवून द्या म्हणायचे. एका डॉक्टरीणबाईंनी आठ नर्सांच्या रक्ताची तपासणी आणली होती. आठातले चार आकडे अगदी सारखे, उरलेले चारही एकमेकांसारखे. मी तासभर नुसती बघत बसले. शेवटी चौकशी केली, म्हणजे कागदावर प्रश्न लिहून पाठवला, कारण तोंडाने विचारणं मला जमत नसे. सुईला सहा नर्सा घाबरल्या होत्या. दोन धीट होत्या, त्यांनी स्वतःच्या आणि मैत्रिणींच्या नावाने चार-चारदा बोट पुढे केलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण त्या दोघींची तब्येत उत्तम आहे, हे तर सिद्ध झालं ना?" ते झालं होतं.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं ते सांगते.

लढाईचे दिवस होते. खिडक्यांच्या काचांना काळा कागद लागला होता, फॅक्टरी तिन्ही पाळ्यांत चालत होती आणि घाईत हात भाजणाऱ्यांची रांग वाढली होती. कोणाला तापलेलं लोखंड लागलेलं, कोणाच्या हातावर ॲसिड उडालेलं. सकाळी मी रिक्षाने जायची तेव्हा फॅक्टरीच्या फाटकाशी पांढऱ्या पट्ट्या बांधलेले हात सायकलींच्या दांड्यांवर दिसायचे. पट्टी असली तरी माणूस कामावर जात होता.

आमचे प्रमुख डॉक्टर सबनीस. पुण्याचे. बोलणं स्वच्छ आणि धारदार. नोंदवहीत कोणी 'ससा वारला' लिहिलं, तर ते खोडून 'मेला' करायचे आणि वर विचारायचे, "तेरावं कधी?" माणूस वाईट नव्हता, पण तापट. एकदा एका मदतनिसाला काचेचं भांडं फुटल्यावर दुपारच्या जेवणाआधी घरी पाठवलं होतं आणि तो परत आला नाही. या डॉक्टरांनी भाजलेल्या जखमेवर एक नवं पिवळं मलम तयार केलं होतं. ते दवाखान्यातल्या जुन्या पांढऱ्या मलमापेक्षा सरस ठरलं, तर फॅक्टरीत आणि पुढे फौजेच्या इस्पितळांत जाणार होतं. त्यासाठी चाळीस ससे आणले. भूल देऊन प्रत्येकाच्या पाठीवर सुपारीएवढी जखम केली. वीस सशांना नवं मलम, विसांना जुनं. जखम भरायला किती दिवस लागतात, ते मोजायचं.

मोजायला ठोसरकाका होते.

ठोसरकाका दीक्षितपुऱ्यात राहायचे, निळा कोट घालून सायकलवर यायचे. त्यांनी सारी उमर फॅक्टरीच्या तपासणी खात्यात काढली होती. तयार झालेला प्रत्येक भाग गेजमध्ये, म्हणजे ठरलेल्या मापाच्या साच्यात, बसतो का ते बघायचं. बसला तर पास, नाही तर बाजूला. मग एका प्रेसखाली त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. गेज धरता येईना म्हणून त्यांना हलकं काम म्हणून आमच्याकडे पाठवलं. दर सहा महिन्यांनी डॉक्टरांनी एका फॉर्मवर 'काम समाधानकारक' असं लिहून सही करायची. सही झाली तर पुढचे सहा महिने नोकरी, नाही झाली तर घर. फॅक्टरी त्यांना परत घेणार नव्हती. घरी दोन मुली लग्नाच्या होत्या, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं आणि लगेच सशांकडे वळले.

मला ते 'मिसबाई' म्हणायचे, इंग्रजी शाळेमुळे. "मिसबाई, तुम्ही बोलून नाही राहिल्या, पण बघून खूप राहिल्या," असं एकदा म्हणाले. मी त्यावरही काही बोलले नाही.

महिन्याभराने काकांनी सुवाच्य अक्षरात लिहिलेला तक्ता माझ्या टेबलावर ठेवला. नवं मलम, तेरा ससे. जुनं मलम, चौदा ससे. चाळीस होते हे मला ठाऊक होतं. पण ससे मरतात. उन्हाने, हगवणीने, कधी नुसत्या भीतीने. मी विचारलं नाही. ही या गोष्टीतली माझी चूक. लाजाळूपणा चारचौघांत गोड दिसतो, कामात तो निव्वळ आळस असतो.

मी दांडा फिरवला. नव्या मलमाने सरासरी आठ दिवस, जुन्याने बारा. टी आला चौदा.

चौदा. मला तोपर्यंत कधी पाचसुद्धा मिळाला नव्हता. डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला, मग चहा मागवला, माझ्यासाठीसुद्धा. "आता मलम मंजूर करायला फौजेच्या कर्नलसाहेबांना बोलावतो," म्हणाले. "बुधवारी. अहवाल तुम्ही वाचायचा. तुमचं इंग्रजी कॉन्व्हेंटचं आहे, छाप पडते." माझ्या नेमणुकीचं खरं कारण मला तेव्हा समजलं.

सोमवारी मी तक्ता पुन्हा काढला. नव्या मलमाखाली सात, आठ, नऊ, आठ, आठ, नऊ, सात. दहा एकदाही नाही, सहाही नाही. जुन्याखाली अकरा, बारा, तेरा, बारा. जिवंत प्राण्यांचे आकडे असे येत नाहीत. आमच्या घरी आम्ही तीन भावंडं एकाच गोवराने एकाच वेळी पडलो होतो आणि तीन वेगवेगळ्या आठवड्यांत उठलो. हे ससे मात्र फौजेसारखे ओळीने बरे झाले होते.

मी उठून सशांच्या खोलीत गेले. तिथे चाळीस पिंजरे होते आणि चाळीसही पिंजऱ्यांत ससा होता. गुबगुबीत, पाला खाणारा. तेरा पिंजऱ्यांवर लाल खडूने फुली मारलेली होती.

"काका, हे मेले नाहीत?"

"काहून मरतील? खाऊन पिऊन आहेत बाप्पा."

"मग तक्त्यात का नाहीत?"

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या कारागिरीवर शंका घेतली होती. मग कपाटातून एक वही काढली, कव्हर घातलेली. आत रकाने आखलेले. 'ससा क्र. १७. नवे मलम. दिवस १५. मर्यादेबाहेर. नाकारला.' खाली सही. 'ससा क्र. ३१. जुने मलम. दिवस ८. मर्यादेबाहेर. नाकारला.' सही. अशा तेरा नोंदी. प्रत्येक सशाची तीन वेळा मोजणी, तारखांसकट.

"कसली मर्यादा?"

"अहो, डॉक्टरसाहेबांनीच तर सांगितली न. पहिल्या दिवशीच. नवं मलम आठ दिवस, जुनं बारा, एखादा दिवस इकडेतिकडे." त्यांनी शाबूत हाताचं बोट वहीच्या पहिल्या पानावर ठेवलं. तिथे लाल शाईत लिहिलं होतं: आठ, अधिक-उणे एक. बारा, अधिक-उणे एक. "आता हा सतरा नंबर पंधरा दिवस लावून राहिला. असा माल पुढे पाठवून साहेबांचं नाक कापू का मी? माझ्या हातून खराब माल कधी बाहेर गेला नाही, मिसबाई."

मला आधी हसू आलं. डॉक्टरांनी काय होईल असं वाटतं ते बोलून दाखवलं होतं. काकांनी त्याचं गेज केलं. जो ससा डॉक्टरांच्या अंदाजात बसला नाही, तो नापास. उरलेल्या सशांतून डॉक्टरांचा अंदाज जसाच्या तसा बाहेर पडला, आणि मी त्याला चौदा गुण दिले.

वही घेऊन मी खोलीत आले आणि चाळीसही ससे यंत्रात घातले. नवं मलम दहा दिवस, जुनं अकराला थोडं कमी. टी एक पूर्णांक एक. म्हणजे पिवळं मलम पांढऱ्यापेक्षा चांगलं असेल, नसेल. काही सांगता येत नव्हतं. आणि बुधवारनंतर ते फाटकाशी दिसणाऱ्या त्या हातांना लागणार होतं.

डॉक्टरांना हे सांगायचं तर ठोसरकाकांचं नाव येणार. फॉर्म त्याच आठवड्यात जायचा होता. न सांगावं तर अहवालाखाली माझी सही. मी परत सशांच्या खोलीत गेले. निदान काकांना तरी कळायला हवं होतं. त्यांना योगायोग, चढउतार वगैरे सांगण्यात अर्थ नव्हता. मी पुष्कळ विचार करून एकच वाक्य तयार केलं होतं.

"काका, तपासायचा माल ससे नाहीत. माल मलम आहे. ससा गेज आहे."

 काका पिंजऱ्याच्या कडेला टेकून बसले. सतरा नंबर त्यांच्या कोटाची बाही चघळायला लागला, तरी त्यांनी ती सोडवली नाही.

"म्हणजे," ते म्हणाले, "माल पास करायसाठी मी गेज फेकून देऊन राहिलो."

मी मान हलवली.

"तेरा गेज."

"काका, मी बघते काय करायचं ते. बुधवारी तुम्ही इकडेच थांबा. मीटिंगकडे येऊ नका."

"हओ," ते म्हणाले. जबलपुरात 'हओ' म्हणजे हो. ते नेहमी पाळलं जातंच असं नाही.

मंगळवारी मी डॉक्टरांच्या दारात तीनदा उभी राहिले. पहिल्यांदा ते फोनवर होते. दुसऱ्यांदा म्हणाले, "आत्ता नाही." तिसऱ्यांदा ते नव्हते, त्यामुळे मला पुष्कळ धीर आला आणि मी चाळीस सशांचा नवा तक्ता त्यांच्या फायलीत सर्वांत वर ठेवून आले. त्यावर पेन्सिलने लिहिलं, 'कृपया वाचावे.' मला वाटलं, ते वाचतील, ओरडतील, पण बंद दाराआड. त्यांनी फाईल उघडलीच नाही. आकडा पाठ होता, मग उघडायची कशाला?

बुधवारी सकाळी कर्नलसाहेब आले. भरघोस मिशा, हातात छडी, बोलणं हिंदीत आणि थोडं. डॉक्टरांनी फाईल माझ्याकडे सरकवली. माझा तक्ता वरच होता. मी वाचायला सुरुवात केली. कॉन्व्हेंटचं इंग्रजी पहिल्या परिच्छेदापर्यंत नीट चाललं. मग आकडा आला.

"टी इज वन पॉइंट वन," मी म्हटलं.

"फोर्टीन," डॉक्टर हसून म्हणाले.

"वन पॉइंट वन, सर."

कर्नलसाहेबांनी दोघांकडे पाहिलं. "भई, चौदह और एक के बीच से तो पूरी पलटन निकल जाएगी. कौन सा है?"

"चौदाचा एक कसा झाला?" डॉक्टरांनी मराठीत विचारलं. आवाज खाली होता, म्हणजे राग वर होता. मी तोंड उघडलं. 'माझी चूक झाली, मी सशांची संख्या तपासली नाही,' हे वाक्य मी रात्रभर घोकलं होतं. त्यातला एक शब्द बाहेर येईना.

तेवढ्यात दारातून निळा कोट आत आला. इस्त्री केलेला. काखेत वही.

"माल वापस लेना पड़ेगा, साब," ठोसरकाका म्हणाले. "पास मैंने किया था."

त्यांनी वही कर्नलसाहेबांसमोर उघडून ठेवली आणि सगळं सांगितलं. लाल शाईतली मर्यादा दाखवली, तेरा नोंदी दाखवल्या. आपली बाजू म्हणून एक शब्द बोलले नाहीत. गेज आणि माल यांत आपली गल्लत झाली, एवढंच. मी खुर्चीत बसून होते. मी त्यांना वाचवणार होते, आणि ते मला वाचवत होते, आणि मी बसून होते. या नोकरीतली मला न आवडणारी आठवण ती हीच.

कर्नलसाहेबांनी वही सावकाश चाळली. "हर रिजेक्ट पे दस्तख़त है?"

"हओ साब. हर एक पे. फेंका कुछ नहीं है, सब ज़िंदा बैठे हैं. चलिए, दिखाता हूँ."

कर्नलसाहेब खरोखर गेले आणि तेराही ससे पाहून आले. निघताना डॉक्टरांना म्हणाले, "मरहम दोबारा आज़माइए, डॉक्टरसाब. और इस आदमी को पहले से मत बताइए कि आप क्या चाहते हैं." छडी काखेत मारून ते जीपमध्ये बसले. मलम कुठेही गेलं नाही.

गाडी फाटकाबाहेर पडल्यावर डॉक्टर काकांना एवढंच म्हणाले, "घरी जा." काकांनी कोट काढून घडी घातली, सशांना पाला घातला आणि सायकल काढली.

गुरुवारी ते आले नाहीत. शुक्रवारीही नाहीत. शुक्रवारी दुपारी डॉक्टर माझ्या खोलीत आले, मला उठवलं आणि स्वतः यंत्रापुढे बसले. चाळीस ससे, एकेक करून. त्यांना दांडा फिरवायची सवय नव्हती, घंटी भलत्या वेळी वाजत होती आणि दर वेळी ते माझ्याकडे पाहत होते, जणू ती मीच वाजवली. दीड तासाने ते थांबले.

"एक पूर्णांक एक," म्हणाले.

त्यांनी दांडा सोडला.

"मी खरंच असं म्हणालो होतो? आठ आणि बारा?"

"वहीत लिहिलेलं आहे, सर. तारखेसकट."

ते निघून गेले. शनिवारी मला बोलावलं. टेबलावर ठोसरकाकांचा फॉर्म होता, पाठवायची शेवटची मुदत तीच. "टाइप करा," म्हणाले. "मजकूर तुम्हीच घाला. मला सुचत नाही."

शेरा लिहायचा रकाना एका ओळीचा होता. मी टाइप केलं: 'यांच्या कामातली एकही नोंद आजवर गहाळ झालेली नाही.' आणि पुढे, 'काम समाधानकारक.'

डॉक्टरांनी वाचलं. पेन काढलं, टोपण काढलं, आणि थांबले.

"चूक कोणाची, हे यात कुठे आहे?"

"तिघांची आहे, सर," मी म्हटलं. "रकाना एका ओळीचा आहे."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी पायांकडे पाहिलं. मग पेनाचा आवाज आला. मान वर केली तेव्हा सही झालेली होती. टीपकागद शोधायला त्यांनी खण उघडला, आणि मी तो फॉर्म तसाच ओला उचलून बाहेर पडले, कारण डॉक्टर सबनिसांचं मत फिरायला शाई वाळण्याएवढाच वेळ पुरत असे.